भायखळ्याचा दगडी हत्ती आणि मग्दालाचे पंधरा हत्ती

१/
भायखळ्याच्या राणीबागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवाराला लागून, दोन मुके प्राणी उभे आहेत. एक दगडी हत्ती आणि एक ब्राँझचा काळा घोडा. पेंग्विन पाहायला निघालेली कुटुंबे त्यांच्या बाजूने जातात, क्वचित एखादे मूल हत्तीपाशी थबकते, बाकी कोणी नाही. एका देशाची वस्तू दुसऱ्या देशाच्या संग्रहालयात कशी पोहोचते, आणि ती परत मागताना नेमके काय मागायचे असते, हा आज जगभर गाजणारा प्रश्न या दोघांपासून सुरू करता येतो. हा थ्रेड त्याच प्रश्नाविषयी आहे. त्यातील मोठा भाग आफ्रिकेत घडतो; पण त्याचे धागे मुंबईच्या गोदीत येऊन मिळतात, आणि हे मराठीत फारसे सांगितले जात नाही.

२/
हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा तो तेथे उभा होता आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान निखळून पडली. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीने दगा दिला, हत्ती कोसळला, त्याचे तुकडे झाले आणि लंडनचा प्रवास तेथेच थांबला. ते तुकडे व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आजच्या राणीबागेत आले. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. त्याला मुंबईत ठेवण्याचे श्रेय कोणा राजाला, कायद्याला किंवा चळवळीला देता येत नाही. यारी मजबूत असती तर आज त्याच्या परतीसाठी अर्ज-विनंत्या चालल्या असत्या.

३/
घोड्याची कथा अधिक परिचित आहे. त्यावर स्वार आहे तो इंग्लंडचा तत्कालीन युवराज, पुढचा सातवा एडवर्ड. त्याने १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी हा पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो फोर्टातील चौकात उभा राहिला. लोकांनी युवराजाकडे दुर्लक्ष करून चौकाला ‘काळा घोडा’ म्हटले. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलवून भायखळ्यास आणला गेला. २०१७ मध्ये त्या चौकात नवा घोडा बसवला, तो मात्र स्वाराविना. इतिहासाशी हिशोब चुकता करण्याची याहून मार्मिक रीत मुंबईला क्वचितच सुचली असेल.

४/
याच दौऱ्यात कोल्हापूरच्या छत्रपतींकडून युवराजाला एक तलवार मिळाली. महाराष्ट्र जिला ‘जगदंबा’ म्हणून ओळखतो ती हीच. आज ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. नोंदीनुसार ती ‘भेट’ होय. देणारे चौथे शिवाजी महाराज १८६३ साली जन्मलेले, म्हणजे त्या वेळी जेमतेम बारा-तेरा वर्षांचे, दत्तक आलेले, आणि राज्यकारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. नोंदवहीतला ‘भेट’ हा शब्द वाचताना देणाऱ्याचे वय किती होते आणि नकार दिला असता तर काय झाले असते, एवढे दोन प्रश्न तरी विचारायला हवेत. वस्तूच्या हस्तांतराची साखळी तपासण्याचे शास्त्र याच प्रश्नांवर उभे आहे.

५/
हत्ती पडला १८६४ मध्ये, तलवार गेली १८७५-७६ मध्ये. या दोन सालांच्या मधोमध, १८६८ मध्ये, जे घडले ते मुंबईच्या इतिहासातले सोयीस्करपणे विसरलेले पान आहे. त्यासाठी इथिओपियात जावे लागते.

मराठी माणसाला तो देश परका नाही. इंग्रजांच्या ‘अबिसिनिया’ला मराठीत हबसाण म्हणत, जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखालाही तेच नाव होते. निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना जेरीस आणणारा मलिक अंबर मूळचा तिथलाच. शहाजीराजांच्या उमेदीच्या काळातील दख्खनचे राजकारण या हबशी वजिराला वगळून सांगताच येत नाही.

६/
सम्राट दुसरा तेवोद्रोस याने १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. अपमानित झालेल्या सम्राटाने ब्रिटिश वकील कॅमेरॉन आणि काही युरोपीय यांना बेड्या ठोकल्या. त्यांना सोडवण्यासाठी ब्रिटनने १८६७ मध्ये मोहीम आखली आणि तिची जबाबदारी मुंबईवर टाकली. सेनापती होता मुंबई लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर.

कैद्यांची सुटका हा मोहिमेचा जाहीर हेतू होता, आणि तो खोटा नव्हता. प्रश्न सुटकेनंतर जे झाले त्याचा आहे.

७/
सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुपटीच्या आसपास बुणगे आणि हमाल, हजारो खेचरे, उंट, बैल. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर झुला येथे तळ पडला. तेथून आत जाण्यासाठी लोहमार्ग टाकला गेला. आणि जड तोफा डोंगर चढवण्यासाठी ४४ हत्ती जहाजांनी धाडण्यात आले. चारच वर्षांपूर्वी जेथे एक दगडी हत्ती उचलताना फुटला होता, त्याच बंदराने आता जिवंत हत्तींचा कळप समुद्रापार पाठवला.

सैन्यात गोऱ्या पलटणी होत्या, तशा मुंबई, मद्रास व बंगाल लष्करातील देशी पलटणीही होत्या. मुंबई लष्करात कोकण आणि देशावरचे शिपाई मोठ्या संख्येने असत. गेलेल्या पलटणींना पुढे ‘अबिसिनिया’ हा रणसन्मान मिळाला. निशाणांवर मानाने मिरवलेल्या या शब्दाची दुसरी बाजू इथिओपियाच्या इतिहासात वाचायला मिळते.

८/
१० एप्रिल १८६८ रोजी मग्दालाच्या पायथ्याशी लढाई झाली. आधुनिक बंदुकांपुढे इथिओपियाचे शेकडो सैनिक पडले. तेवोद्रोसने कैदी सोडून दिले. म्हणजे मोहिमेचा जाहीर हेतू साधला गेला होता. तरीही १३ एप्रिलला मग्दालाच्या डोंगरी किल्ल्यावर हल्ला झाला. शत्रूच्या हाती लागण्याऐवजी सम्राटाने स्वतःला गोळी घालून घेतली. त्यानंतर किल्ला आणि तेथील चर्च लुटले गेले: मुकुट, सोन्याचा पूजापात्र-प्याला, क्रूस, राजवस्त्रे, हस्तलिखिते. शेवटी किल्ल्याला आग लावण्यात आली.

९/
लूट डोंगरावरून खाली दलान्ताच्या पठारावर आणायला १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरे लागली. तेथे, २० आणि २१ एप्रिलला, तिचा रीतसर लिलाव झाला. जमलेला पैसा सैनिकांत वाटला गेला.

लुटीचा लिलाव करून तिचे ‘खरेदी’त रूपांतर करायचे ही त्या काळची लष्करी रीत होती. लिलावात घेतलेल्या वस्तूची पावती असते. पावती असली की पुढच्या मालकाला आपण काही गैर केले असे वाटत नाही. आज अनेक संग्रहालयांच्या नोंदींत वस्तूची साखळी या पावतीपासून सुरू होते. तिच्या मागचा एक दुवा, म्हणजे तो जळता डोंगर, नोंदीत नसतो.

१०/
या मोहिमेसोबत ब्रिटिश म्युझियमने आपला माणूस पाठवला होता: रिचर्ड होम्स, हस्तलिखितांचा जाणकार. म्हणजे लूट होण्यापूर्वीच ती विकत घेण्याची तयारी झाली होती! मग्दालाची शेकडो हस्तलिखिते त्याच्यामार्फत संग्रहालयासाठी मिळवली गेली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

जुन्या संग्रहालयांच्या बचावात एक युक्तिवाद नेहमी येतो की वस्तू कशाही आल्या असोत, आल्यानंतर विद्वानांनी त्या सांभाळल्या. मग्दालात विद्वान आणि शिपाई एकाच तळावर मुक्कामाला होते. सांभाळणारा हात आणि उचलणारा हात वेगळे काढणे तेथे कठीण होऊन बसते.

११/
वस्तूंबरोबर एक मूलही नेले गेले. तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा आलेमायेहू. त्याची आई प्रवासातच वारली. इंग्लंडमध्ये तो वाढला, एकाकी राहिला आणि १८७९ मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी मरण पावला. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये त्याचे दफन झाले. त्याचे अवशेष परत द्यावेत ही मागणी २०२३ मध्ये पुन्हा झाली तेव्हा राजवाड्याकडून नकार आला. कारण दिले गेले की त्याच्यासाठी जागा उकरली तर शेजारच्या इतर कबरींना धक्का लागेल.

१२/
‘तो काळच तसा होता, आजच्या नीतीने त्याला जोखू नये,’ असे म्हणणाऱ्यांसाठी १८७१ मधील ब्रिटिश संसदेची चर्चा वाचनीय आहे. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी मग्दालाचा मुकुट आणि प्याला इंग्लंडला आणल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आणि ते परत देता येईपर्यंतच जपून ठेवावेत अशी भूमिका मांडली. म्हणजे त्या काळाची नीतीही या लुटीला अनुकूल नव्हती. घटनेला तीनच वर्षे झाली होती, आणि खेद व्यक्त करणारा माणूस साम्राज्याचा पंतप्रधान होता.

पुढे १९२४ मध्ये एक मुकुट परत दिला गेला, तो सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा. सोन्याचा मात्र लंडनमध्येच राहिला. यावर भाष्य अनावश्यक आहे.

१३/
लुटीतली सर्वांत अवघड वस्तू मात्र सोन्याची नाही. इथिओपियाच्या प्रत्येक चर्चच्या गाभ्यात एक ‘ताबोत’ असतो, लाकडाची किंवा दगडाची पवित्र पाटी. ती असेल तरच वास्तू चर्च ठरते, आणि ती पुरोहिताखेरीज कोणी पाहायची नसते. ब्रिटिश म्युझियमकडे असे ११ ताबोत आहेत. या श्रद्धेचा मान राखून संग्रहालय ते प्रदर्शनात ठेवत नाही, आणि त्याचे अभिरक्षकही ते पाहत नाहीत. कोणी पाहू नये, कोणी अभ्यासू नये, कोणी छायाचित्र घेऊ नये, अशी वस्तू एखाद्या संग्रहालयाने कशासाठी ठेवावी, याचे समाधानकारक उत्तर दीडशे वर्षांत मिळालेले नाही.

१४/
हे परळकरांना चटकन समजावे. परळ-शिवडीच्या दरम्यान १९३१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना एक अखंड शिल्प सापडले: माणसाच्या दुपटीहून थोडी कमी उंची, एका शिवातून उमलत गेलेले अनेक शिव, काळ पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा. भारतीय शिल्पकलेच्या थोर कृतींत त्याची गणना होते. संग्रहालयाने ते हवेसे वाटणे स्वाभाविक होते. पण शिल्प जवळच्या बारादेवी मंदिरात गेले, आजही तेथे आहे, आणि त्याची पूजा होते. संग्रहालयाकडे आहे ती त्याची प्लास्टरमधील प्रतिकृती.

अभ्यासकाला प्रतिकृतीवर काम करता येते, भाविकाला मूळ मूर्ती लागते. परळच्या मंदिराने आणि काळा घोड्याच्या संग्रहालयाने गाजावाजा न करता ही वाटणी मान्य केली. मूळ वस्तू गेल्यावर ज्ञानाची हानी होईल असा धाक घालणाऱ्या लंडनच्या विद्वानांना परळची सहल घडवावी.

लालबागच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे मूर्ती घडताना पाहिलेल्या माणसालाही हे वेगळे समजावावे लागत नाही. प्राणप्रतिष्ठेपूर्वीची माती आणि नंतरची मूर्ती एकच असते, आणि एकच नसते.

१५/
आता पुन्हा लंडन. मग्दालाचा सोन्याचा मुकुट आणि प्याला ज्या संस्थेत आहेत, ती म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. (नावाची एक गंमत: भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये उघडले ते याच नावाने, लंडनच्या संग्रहालयाला हे नाव मिळाले १८९९ मध्ये. मुंबईने १९७५ मध्ये नाव बदलून ते भाऊ दाजींना दिले.) मोहिमेला १५० वर्षे झाली तेव्हा, २०१८ मध्ये, या संग्रहालयाने मग्दालाच्या वस्तू खास मांडल्या आणि इथिओपियाला त्या दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर देण्याची तयारी दाखवली. इथिओपियाची मागणी कायमच्या परतीची आहे.

१६/
उसनवारीचे हेच सूत्र पुढे दोनदा वापरले गेले, आणि दोन्ही वेळा २०२४ मध्ये.

मे २०२४: घानातील कुमासी शहर. १८७४ मध्ये ब्रिटिश सैन्याने असांते राजवाडा लुटला, त्यातील सोने लंडनच्या गॅरार्ड पेढीतून विकले गेले आणि काही वस्तू त्याच वर्षी याच संग्रहालयाने घेतल्या. दीडशे वर्षांनी त्यातील १७, आणि ब्रिटिश म्युझियमच्या १५, अशा ३२ वस्तू मान्हिया राजवाड्याच्या संग्रहालयात पोहोचल्या. मुदत तीन वर्षे.

जुलै २०२४: सातारा. याच संग्रहालयाकडून आलेली वाघनखे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात दर्शनासाठी ठेवली गेली. मुदत तीन वर्षे.

कुमासीतही मिरवणूक, साताऱ्यातही मिरवणूक. दोन्ही ठिकाणी कागदावर सही करणारा लंडनचा मालक एकच.

१७/
उसनवारी वाईट आहे असे नाही. वस्तू डोळ्यांसमोर येते, शाळेतली मुले ती पाहतात, हे मोलाचे आहे. पण उसने घेणारा सही करताना एक गोष्ट मान्य करत असतो: वस्तू तुमची आहे. म्हणून उसनवारीला ‘घरवापसी’ म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते. कुमासीत या मुद्द्यावर मोकळेपणी वाद झाला. लुटलेला माल चोराकडून उसना का घ्यायचा, असे तेथे उघडपणे विचारले गेले. महाराष्ट्रात चर्चा झाली ती मुख्यतः श्रेयाची आणि खर्चाची.

१८/
लंडनची सबब कायद्याची आहे. १९८३ च्या ब्रिटिश कायद्यानुसार व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला वस्तू कायमची देऊन टाकण्याची मुभा जवळजवळ नाही. ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा कायदा अडवतो. सबब खरी आहे. पण कायदे संसदेने केले आणि संसदच ते बदलू शकते.

जेथे असे बंधन नाही तेथे काय घडते तेही पाहावे. लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असांतेंच्या सात वस्तू कुमासीला कायमच्या परत केल्या, बदल्यात काहीही न मागता. लंडनच्याच हॉर्निमन संग्रहालयाने २०२२ मध्ये बेनिनच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. त्याच वर्षी जर्मनीने बेनिन ब्राँझच्या फार मोठ्या संग्रहाची मालकी नायजेरियाकडे सोपवण्याचा करार केला आणि डिसेंबरमध्ये पहिल्या २० वस्तू अबुजाला पोहोचवल्या.

१९/
वाघनखांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो भावनेच्या भरात टाळला गेला. त्यांच्या पेटीवरील मजकुरानुसार ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिली. ग्रँट डफ साताऱ्यास होता तो १८१८ नंतर, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर. अफझलखानाचा वध १६५९ मधला. मधल्या सुमारे १६० वर्षांत ही वस्तू कोठे होती याचा कागद नाही, आणि हीच ती वाघनखे असे सिद्ध करता येत नाही हे संग्रहालय स्वतःच सांगते. महाराष्ट्रातील काही इतिहास-अभ्यासकांनीही हा आक्षेप जाहीरपणे नोंदवला.

असा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच द्रोही ठरवण्याची घाई अनाकलनीय आहे. महाराजांच्या वस्तूविषयी जो सर्वाधिक आदर बाळगतो त्यानेच सर्वाधिक कडक पुरावा मागायला हवा. इथिओपियाची मागणी बळकट आहे ती भावनेमुळे तर आहेच, पण त्याहून अधिक तारीख, ठिकाण, लिलाव आणि खरेदीदार यांच्या नोंदी उपलब्ध असल्यामुळे.

२०/
परत मिळवण्याचा तिसरा मार्ग मुंबईने २०२५ मध्ये पाहिला: विकत घेणे. नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष पहिले रघुजी यांच्या नावाची तलवार एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांत ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत, प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत, लोकांसमोर आली. दादर-प्रभादेवीच्या रस्त्यावर ढोल-ताशे वाजले. ही मात्र उसनी नाही. ही आता महाराष्ट्राची आहे.

तरी मनात एक खडा राहतो. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या खजिन्याची लूट झाली. तलवार त्यात गेली असण्याची शक्यता सांगितली जाते. तसे असेल तर जे लुटले गेले त्याचे पैसे दोनशे वर्षांनी लुटल्या गेलेल्यांनीच मोजले. दलान्ताचा लिलाव अजून संपलेला नाही, असेच म्हणायचे.

२१/
या तलवारीचे पाते युरोपीय घडणीचे आहे. पात्यावरच्या देवनागरी लेखातही तिला ‘फिरंग’ म्हटले आहे. म्हणून तिच्यावर युरोपचा हक्क सांगता येईल काय? अर्थात नाही. बेनिनच्या बाबतीत नेमका असाच प्रश्न आहे. १८९७ मध्ये ब्रिटिशांनी लुटलेल्या बेनिन ब्राँझचे पितळ बऱ्याच अंशी युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेल्या कड्यांतून आले, आणि २०२३ मधील एका रासायनिक अभ्यासाने त्या कड्यांचा धातू जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातला ठरवला. धातू जर्मन असला तरी कलाकृती बेनिनचीच राहते.

पण ती पितळी कडी गुलामांच्या मोबदल्यातही दिली जात. म्हणून अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांपैकी काहींचे म्हणणे आहे की या ब्राँझवर त्यांचाही हक्क आहे. हा दावा सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

२२/
‘परत कोणाला द्यायचे’ हा प्रश्न खरोखर अवघड आहे. नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२३ मध्ये परत येणाऱ्या बेनिन ब्राँझची मालकी बेनिनच्या राजाकडे, म्हणजे ओबाकडे, असल्याचे जाहीर केले. युरोपात गहजब झाला: सार्वजनिक संग्रहालयासाठी दिले, ते खासगी मालकीत जाणार काय? चिंता निराधार नाही. परंतु ज्या राजवाड्यातून वस्तू उचलल्या तो याच घराण्याचा होता. शिवाय परत मिळालेल्या वस्तूचे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार पूर्वीच्या धारकाकडे उरत असेल, तर ती परत मिळाली असे म्हणता येणार नाही.

‘तिकडे वस्तू सुरक्षित राहणार नाहीत’ हा दुसरा नेहमीचा आक्षेप. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्याच भांडारातून सुमारे २,००० वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या किंवा खराब झालेल्या आढळल्या आणि संचालकांना पद सोडावे लागले. तेव्हापासून हा आक्षेप जरा हळू आवाजात घेतला जातो.

२३/
इथवर मुंबईची भूमिका दुहेरी राहिली: कधी गमावणारी, कधी लुटीची वाट मोकळी करून देणारी. तिसरीही आहे. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ॲसिरियाच्या निमरुद येथील राजवाड्याचे कोरीव शिलापट आहेत. १८४० च्या दशकात लेयार्डने निमरुद उकरले. तेथील शिल्पे नदीतून बसऱ्याला आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईमार्गे लंडनला जात. मुंबईच्या गोदीत काही पेट्या परवानगीविना उघडल्या गेल्या आणि आतल्या लहान वस्तू नाहीशा झाल्या, अशी तक्रार लेयार्डने आपल्या ग्रंथात केली आहे. उकरून नेणाऱ्याने चोरीची तक्रार करावी, हा विनोद त्याच्या लक्षात आला नसावा.

२०१५ मध्ये दहशतवाद्यांनी निमरुदचा राजवाडा सुरुंग लावून उद्ध्वस्त केला. त्यामुळे मुंबईतील शिलापट वाचले हेही खरेच, आणि ते इराकच्या मातीतले आहेत हेही खरे. एक सत्य दुसऱ्याला रद्द करत नाही.

२४/
म्हणून लंडनकडे बोट दाखवणाऱ्या मुंबईने आधी स्वतःच्या दालनांतील पाट्या बदलाव्यात. वस्तूचे नाव, काळ आणि माध्यम यांबरोबर ती कोणी, कधी, कोठून आणि कशी आणली, हे चार शब्द मराठीत लिहायला फार खर्च येत नाही. शिलापटांवर इराकने हक्क सांगितला तर काय उत्तर द्यायचे, याचा विचार आज शांतपणे करता येतो. मागणीचे पत्र आल्यावर तो घाईत करावा लागेल. भायखळ्याच्या हत्तीपाशीही यारीची कथा ठळकपणे लिहावी. हा हत्ती घारापुरीचा असताना तो राणीबागेतच का, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारले तर पालकांकडे उत्तर असावे.

२५/
आणि मग्दाला? मुंबई इलाख्याचे १९ व्या शतकातील सरकारी कागद काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याच्या पुराभिलेखागारात आहेत. ही मोहीम मुंबईतून उभी राहिली; तेव्हा कोणत्या गोदीतून कोण गेले, हत्ती कोणाचे होते, लिलावाच्या पैशातून देशी शिपायाच्या हातावर किती पडले, आणि मग्दालाची एखादी वस्तू कोण्या शिपायाच्या बोचक्यातून कोकणात किंवा साताऱ्याकडे आली काय, याचा शोध घ्यायचा तर तो येथूनच घ्यावा लागेल. इंग्रजीत मोहिमेवर भरपूर लिहिले गेले आहे, इथिओपियाच्या बाजूनेही. गेलेल्या मराठी शिपायाच्या बाजूने लिहिण्याचे काम बाकी आहे. मोडी वाचता येणाऱ्या कोणा तरुणाने ते हाती घ्यावे. वाचनकक्षातून बाहेर पडले की समोरच्या चौकात तो स्वार नसलेला घोडा आहे.